२१४६ नंबरची पावती कुठं गेली?

ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



गळीत हंगाम सुरू झाला की शेतकी खात्याकडे तक्रारींचा ओघ लागतो. तोड वेळेवर आली नाही, टोळीनं जादा पैसे मागितले, वाढे दुसऱ्यानंच नेले, ह्या तक्रारी जुन्याच आहेत. अलीकडे मात्र एक नवी तक्रार वरचेवर ऐकू येते. सभासद काट्याच्या दोन पावत्या टेबलावर ठेवतात आणि विचारतात, "साहेब, माझी गाडी २१४५ नंबरची. तिच्या पाठोपाठ त्याच काट्यावर चुलत भावाची गाडी चढली, तिचा नंबर २१४७. मग मधली २१४६ कुठं गेली? कुणाच्या नावावर फाडली?"

प्रश्न रास्त आहे. वर्षभर राबून वाढवलेल्या उसाचा हिशेब शेवटी त्या चार बोटं कागदावर येऊन ठेपतो. काटामारीच्या गोष्टी आपण सगळेच लहानपणापासून ऐकत आलो आहोत, त्यामुळं मधला एक नंबर दिसला नाही की मनात पाल चुकचुकणारच. म्हणून काट्यावरच्या संगणकात हा नंबर पडतो कसा, तो दोनदा का पडू नये आणि कधी कधी गळतो का, हे सविस्तर लिहीत आहे. विषय संगणकाचा असला तरी सामाईक विहिरीवर पाणी पाळीनं घेणाऱ्याला कळायला जड नाही.

आधी सोपं उत्तर. आपल्याकडे काटे तीन आहेत आणि तिन्ही काट्यांची नंबरमालिका एकच आहे. तुमच्या दोन गाड्या काटा १ वर होत्या तेव्हा काटा २ वर कुणाची तरी गाडी होतीच. बहुतेक वेळा २१४६ तिकडं गेलेली असते. दुसरी गोष्ट अशी की पावती भरगाडीच्या वजनाला पुरी होत नाही. गव्हाणीवर ऊस खाली करून रिकामी गाडी परत काट्यावर आली, तिचं वजन वजा झालं, मग निव्वळ वजन निघतं आणि त्याच क्षणी पावतीला नंबर पडतो. म्हणजे आधी आलेली गाडी गव्हाणीवर खोळंबली तर मागून आलेल्या गाडीची पावती आधी निघते. यार्डात कोण आधी आलं हे पाहायचं असेल तर फाटकावरचं टोकन पाहावं, पावतीचा नंबर नव्हे. टोकन म्हणजे येण्याचा क्रम आणि पावती म्हणजे हिशेब पुरा झाल्याचा क्रम. ह्या दोन्हींची गल्लत झाल्यानं निम्मी भांडणं होतात.

पण काही वेळा २१४६ खरोखरच कुणाची नसते. ते समजण्यासाठी थोडं मागं जावं लागेल.

संगणक येण्यापूर्वी काट्यावर छापील पावती पुस्तकं असत. शंभर पानांचं पुस्तक, मध्ये कार्बन पेपर, नंबर छापखान्यातूनच पडून आलेले. काटा १ च्या कारकुनाला १ ते १००० ची पुस्तकं द्यायची, काटा २ ला १००१ ते २००० ची. दोघांनी दिवसभर एकमेकांचं तोंड पाहिलं नाही तरी नंबर दोनदा पडायची धास्ती नव्हती, कारण वाटणी आधीच झालेली. (छापखान्याचं नंबर टाकायचं यंत्र अडकलं तर गोष्ट वेगळी, तोही प्रकार जुन्या कारकुनांनी पाहिलेला आहे.) त्यात उणीव एवढीच की नंबरावरून क्रम कळत नसे. ११२० ची पावती सकाळची आणि ४५० ची संध्याकाळची, असं सर्रास चाले. हंगाम संपला की अर्धीमुर्धी राहिलेली पुस्तकं गोळा करून कोरी पानं मोजत बसावं लागे.

संगणक आल्यावर पुस्तकं गेली आणि सगळ्या काट्यांची नोंद एकाच जागी होऊ लागली. कार्यालयात एक मुख्य संगणक असतो, त्याला सर्व्हर म्हणतात. त्यात सगळ्या पावत्यांचं एक मोठं रजिस्टर असतं, त्याला डेटाबेस म्हणतात. रजिस्टर एक, लिहिणारे अनेक. खरी मेख इथंच आहे.

तलाठ्याकडचं फेरफाराचं रजिस्टर घ्या, म्हणजे गाव नमुना ६. जुन्या काळी गावाला रजिस्टर एक आणि लेखणीही एकच. तलाठी शेवटचा नंबर पाही आणि त्याच्या पुढचा टाकी. चूक व्हायला वावच नव्हता, कारण दुसरा लिहिणारा नव्हता. आता असं समजा की त्याच रजिस्टरवर दोन बाजूंनी दोघे तलाठी बसले आहेत. दोघांनी एकाच वेळी मान वाकवून पाहिलं, शेवटचा नंबर २१४५. दोघांनी मनात एक मिळवला आणि दोघांनी लिहिलं २१४६. दोघेही प्रामाणिक आणि दोघांचीही बेरीज बरोबर, तरी रजिस्टर चुकलं.

संगणकाचा नवशिका कामगार पहिल्या झटक्यात नेमकी हीच रीत बसवतो. रजिस्टरातला सर्वांत मोठा नंबर शोध, त्यात एक मिळव आणि लिही. पाहणं, मिळवणं आणि लिहिणं ही तीन कामं आहेत आणि त्यांच्यामध्ये क्षणाचा का होईना, अवधी आहे. त्या अवधीत दुसऱ्या काट्यानं डोकावलं की घोटाळा झालाच.

ह्यातली वाईट गोष्ट अशी की हा घोटाळा रोज होत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये काटा बंद असताना एकच माणूस बसून नवा प्रोग्राम तपासतो. एकट्याच्या हातून नंबर कधीच दोनदा पडत नाही, म्हणून प्रोग्राम पास होतो. डिसेंबरात यार्ड गाड्यांनी भरतं, तिन्ही काटे एकदम चालू लागतात आणि मग कधीतरी रात्री एकदा नंबर जोडीनं पडतो. दुसऱ्या दिवशी तपासायला जावं तर सगळं ठीक चाललेलं दिसतं.

मी पूर्वी नोकरी केलेल्या एका कारखान्यात (नाव सांगण्याचं कारण नाही) हा प्रकार जवळून पाहिला आहे. दोन सभासदांच्या दोन खेपांना एकच नंबर पडला होता. बिलाचा प्रोग्राम नंबर पाहून खेपा गोळा करी. पहिली खेप त्यानं घेतली, आणि दुसरी आली तेव्हा हा नंबर आधीच हिशेबात आला आहे असं धरून ती सोडून दिली. एक ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या, सगळा ऊस गाळून साखर झाला, पण बिलात त्याचा पत्ता नाही. त्या शेतकऱ्यानं कागदाची पावती जपून ठेवली होती म्हणून तो वाचला. तरीसुद्धा कुणी खोटं बोलत नाही हे सिद्ध व्हायला दोन महिने गेले आणि तेवढ्यात गावात कारकुनाची नाहक बदनामी झाली. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ प्रमाणे ऊस पुरवल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात आणि उशीर झाला तर सालिना १५ टक्के व्याज द्यावं लागतं. पण हे १४ दिवस मोजायचे ते नोंद झालेल्या खेपेचे. नोंदच गिळली गेली तर मोजणार काय?

तेव्हा लक्षात ठेवा, मधला नंबर गळणं ही चौकशीची बाब आहे, पण एकच नंबर दोनदा पडणं हा धोका आहे. आपले सभासद पहिल्याला घाबरतात आणि दुसऱ्याकडे पाहतच नाहीत.

उपाय काय? उपाय सामाईक विहिरीवरचाच. चौघा भावांत विहीर एक, मोटार एक आणि पेटीला कुलूप. किल्ली ज्याच्या हातात त्यानंच मोटार चालू करायची, बाकीच्यांनी थांबायचं. डेटाबेसमध्ये एक लहानशी स्वतंत्र नोंद ठेवतात, तिच्यात फक्त चालू नंबर असतो. ज्या काट्याला नंबर हवा तो आधी ह्या नोंदीला कुलूप लावतो, नंबर वाचतो, एक वाढवतो, पावती लिहितो आणि कुलूप काढतो. तोवर दुसऱ्या काट्याला ती नोंद वाचताच येत नाही. वाट पाहावी लागते ती पापणी लवायच्या आतली, गाडीवानाला कळतही नाही.

मात्र किल्ली खिशात घालून जेवायला जाणारा भाऊ असला की सगळ्यांचे ऊस वाळतात. संगणकातही तसंच आहे. गाडी काट्यावर चढली तेव्हाच कुलूप लावलं आणि ड्रायव्हर तोडणीची चिठ्ठी शोधत बसला, तर बाकीचे दोन्ही काटे तिष्ठत राहतील. म्हणून सभासदाचा कोड, गट नंबर, गाडी नंबर, भरवजन, रिकामं वजन हे सगळं आधी जमवून ठेवायचं आणि अगदी शेवटी, छापायच्या आधी, नंबर घ्यायचा. आपल्याकडे रिकाम्या वजनाला नंबर पडतो त्याचं कारण हेच.

ह्या कामाचा आणखी एक नियम आहे. नंबर वाढवणं आणि पावती लिहिणं ही दोन कामं एकाच गाठीत बांधलेली असतात. झाली तर दोन्ही, नाहीतर एकही नाही. मध्येच वीज गेली तर संगणक परत सुरू होताना अर्धवट काम पुसून टाकतो. नंबरही जागेवर येतो आणि पावतीही लिहिलेली राहत नाही. पेरणी करताना पाभर मोडली तर अर्धं तास शेतात तसंच राहतं. इथं ते तास पेरलंच नव्हतं असं धरून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते.

आणि एवढं करूनही शेवटी राखणदार बसवतात. पावती नंबर हा एकमेव असलाच पाहिजे, असा हुकूम रजिस्टरलाच देऊन ठेवायचा. मग प्रोग्राम लिहिणाऱ्यानं कुठं गफलत केली असली तरी दुसरी २१४६ रजिस्टर स्वीकारतच नाही. माझ्या मते हा हुकूम नसलेला प्रोग्राम कारखान्यानं फुकट मिळाला तरी घेऊ नये.

मग नंबर गळतो कसा? त्याची कारणं दोन. ओरॅकल, पोस्टग्रेस अशा मोठ्या डेटाबेसमध्ये नंबर देणारं एक तयार यंत्र असतं. ते कुलपाच्या भानगडीत पडत नाही. बँकेतल्या टोकनासारखा जो मागेल त्याला पुढचा नंबर फाडून देतं आणि दिलेला नंबर परत घेत नाही. २१४६ घेणाऱ्याचं काम फसलं तरी तोवर शेजाऱ्यानं २१४७ घेतलेला असतो. २१४६ परत घ्यायचा म्हटलं तर शेजाऱ्याला आधीच थांबवून ठेवायला हवं होतं, आणि थांबवायचं नाही हाच तर त्या यंत्राचा गुण. वेग पाहिजे असेल तर भोकं सोसावी लागतात. जिथं दर क्षणाला शेकडो नोंदी होतात तिथं हे शहाणपणाचं आहे. काट्यावर काही मिनिटांनी एक गाडी उतरते, तिथं घाई कसली? म्हणून पावतीला आणि बिलाला कुलपाची रीत, आणि आतल्या किरकोळ नोंदींना टोकनाची रीत, अशी विभागणी बरी.

दुसरं कारण मात्र कुठल्याही रीतीत टळत नाही. पावती पुरी निघाली आणि मग कळलं की कोड चुकला, खेप दुसऱ्याच सभासदाची आहे. आता काय करायचं? नंबर पुसून मागचे सगळे नंबर एकानं अलीकडे ओढायचे? ते कधीही करता कामा नये. तोवर २१४७ ची पावती गाडीवानाच्या खिशात गावाकडे गेलेली असते. पावती रद्द असा शेरा मारायचा, वेळ आणि कारण लिहायचं आणि नव्या नंबरानं नवी पावती काढायची. फेरफार नामंजूर झाला तरी त्याचा नंबर नमुना ६ मध्ये शेऱ्यासकट तसाच राहतो, तो दुसऱ्याला देत नाहीत. आपल्या आज्या-पणज्यांना ही रीत ठाऊक होती. ज्या रजिस्टरात वर्षानुवर्षं एकही नंबर रद्द नाही त्या रजिस्टराकडे मी तर संशयानं पाहीन.

सरकारलाही हे मान्य आहे. कारखान्याची साखर, मळी फाटकाबाहेर जाते तेव्हा जे बिल होतं त्याला तर कायद्याचंच बंधन आहे. उत्पादन शुल्काच्या जमान्यात १९९४ पर्यंत गेटपास असत, पुढं अनुक्रमांकाची बिलं आली. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला. त्याच्या नियम ४६ प्रमाणे बिलाचा नंबर क्रमवार हवा, सोळा अक्षरांपेक्षा लांब नको आणि त्या आर्थिक वर्षात तो पुन्हा येता कामा नये. त्यात अक्षर, अंक, आडवी रेघ आणि तिरकी रेघ एवढंच चालतं. मालिका एकापेक्षा जास्त ठेवता येतात, म्हणजे साखरेची वेगळी, मळीची वेगळी. आणि विक्रीच्या विवरणपत्रात एक तक्ताच आहे. कुठल्या नंबरापासून कुठल्या नंबरापर्यंत बिलं निघाली, एकूण किती, त्यांत रद्द किती, निव्वळ किती. रद्दचा रकाना छापलेलाच आहे, म्हणजे नंबर रद्द होतात हे कायद्यानं गृहीतच धरलं आहे. लपवालपवी मात्र चालत नाही.

ऑक्टोबर २०२० पासून मोठ्या उलाढालीच्या व्यापाऱ्यांना आणि पुढं टप्प्याटप्प्यानं लहानांनाही ही बिलं सरकारी यंत्रणेत नोंदवणं भाग झालं. ऑगस्ट २०२३ पासून ही मर्यादा ५ कोटींवर आली. तिथं विकणाऱ्याचा कर क्रमांक, आर्थिक वर्ष, कागदाचा प्रकार आणि बिलाचा नंबर ह्या चार गोष्टींवरून चौसष्ट अक्षरांची एक खूण तयार होते. त्याच नंबराचं दुसरं बिल पाठवलं तर खूण तीच येते आणि यंत्रणा ते परत फिरवते. राखणदार बसवायचा म्हणतात तो असा.

वर्ष कधी बदलतं, हा साखर कारखान्याला खास नडणारा प्रश्न आहे. बिलाचं वर्ष ३१ मार्चला संपतं, पण उसाचा हंगाम तेव्हा संपलेला असतोच असं नाही. २०२१-२२ चा हंगाम आठवा. ऊस एवढा होता की मराठवाड्यातले काही कारखाने जूनपर्यंत चालले. म्हणून काट्याच्या पावतीची मालिका हंगामाप्रमाणे चालते आणि साखरेच्या बिलाची मालिका आर्थिक वर्षाप्रमाणे. १ एप्रिलला बिलाचा नंबर परत एकपासून सुरू होतो, पावतीचा होत नाही. पावतीवर हंगाम आणि बिलावर वर्ष छापलेलं असतं ते शोभेसाठी नव्हे. ते काढून टाकलं तर ह्या वर्षीचा १ आणि मागच्या वर्षीचा १ ओळखायचा कसा? तारीख आणि वेळसुद्धा सर्व्हरच्याच घड्याळातून घ्यावी लागते. काटा २ वरच्या संगणकाचं घड्याळ दहा मिनिटं मागं असलं तर मध्यरात्रीनंतरची खेप आदल्या दिवसात जाऊन बसते.

आता ऊस नोंदीविषयी. नोंदी गट कार्यालयांत होतात आणि हल्ली शेताच्या बांधावर मोबाईलवरही होतात. लातूरकडच्या माळावर काय, नांदेडकडच्या नदीकाठच्या शिवारात काय, मोबाईलला रेंज मिळेलच असा भरवसा नसतो. सर्व्हरच गाठता येत नाही तर कुलूप लावायचं कशाला? तिथं आपण जुन्या पावती पुस्तकाच्या वाटेनंच जातो. गटाचा कोड पुढं आणि त्या गटाचा स्वतःचा नंबर मागं. बांधावर मिळतो तो तात्पुरता नंबर. रात्री मोबाईल सर्व्हरशी जुळला की पक्का नंबर पडतो. तेव्हा बांधावरचा नंबर भिंतीवर लिहून ठेवू नका, पक्का नंबर आल्यावर तो जपा.

आणि एक गैरसमज काढून टाका. नोंद नंबर लहान असला की तोड आधी येते, असं बरेच जण मानतात आणि नोंदीच्या पहिल्याच दिवशी कार्यालयाच्या दारात गर्दी करतात. तोडणीचा कार्यक्रम लागवडीची तारीख, जात आणि पक्वता पाहून लागतो. को ८६०३२ चा पूर्वहंगामी ऊस आणि सुरूचा ऊस ह्यांत नोंद नंबर पाहून निवाडा होत नाही. नंबर हे उसाच्या फडाचं नाव आहे, पाळी नव्हे.

नंबराकडून दुसरीही एक अपेक्षा लोक करतात, ती पुरी होत नाही. नंबर एकमेव आहे म्हणजे नोंद खरी आहे असं नाही. एकच फड बापाच्या नावानं एकदा आणि मुलाच्या नावानं एकदा नोंदवला तर संगणक दोन वेगळे, अगदी शुद्ध नंबर देईल. दोन कारखान्यांकडे एकच फड नोंदवायची पद्धतही आपल्या भागाला नवीन नाही. ते पकडायला गाव, गट नंबर, क्षेत्र आणि लागवड ताडून पाहावी लागते, आणि शेवटी माणसानं फडात जावं लागतं. तसंच पावतीचा नंबर बरोबर असला म्हणून वजन बरोबर ठरत नाही. त्यासाठी वैधमापन खातं आहे, काट्याची तपासणी आहे, भरारी पथकं आहेत. नंबर एवढंच सांगतो की झालेली नोंद हरवली नाही आणि एकीच्या जागी दुसरी बसली नाही.

पावतीबद्दल शंका आली तर गट कार्यालयात तोंडी सांगून परत जाऊ नये. पावती नंबर हंगामासह, फाटकावरचं टोकन, गाडीचा नंबर आणि खेपेची तारीख एवढं लिहून द्यावं. नुसतं "मधला नंबर गेला" असं सांगितलं तर शोध लागत नाही, पण टोकन दिलं की पाच मिनिटांत सापडतं. रद्द झालेल्या पावत्यांची यादी नंबर, वेळ आणि कारणासह मागण्याचा प्रत्येक सभासदाला हक्क आहे. ती दर पंधरवड्याच्या बिलाबरोबर शेतकी कार्यालयात पाहायला मिळेल. बिल हाती येईपर्यंत काट्याची पावती धुण्यात घालू नये. एवढ्या यंत्रणेनंतरही तुमच्या हातचा पुरावा तोच असतो.